ऊन असूनही वीज का जाते? सौरसंच, इन्व्हर्टर आणि शेजाऱ्याची सुरक्षा

पोप फ्रान्सिस ह्यांनी २४ मे २०१५ रोजी 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकावर स्वाक्षरी केली. सृष्टी हे आपणा सर्वांचे सामाईक घर आहे आणि त्या घराची निगा राखणे हा आपल्या श्रद्धेचाच भाग आहे, हे त्या परिपत्रकाचे सार होय. कोळसा व तेल ह्यांवरील अवलंबन क्रमाक्रमाने संपवावे, असे आवाहन त्यात आहे. स्वच्छ ऊर्जा साठवण्याचे तंत्र अजून पुरेसे विकसित झालेले नाही, ह्याकडेही त्याच्या २६व्या परिच्छेदात लक्ष वेधलेले आहे. त्यानंतरच्या वर्षांत आपल्याकडे चर्च, शाळा, मठ आणि घरे ह्यांच्या छपरांवर सौर पॅनेल दिसू लागली. ही निश्चितच स्वागतार्ह बाब आहे.

मात्र जेथे जेथे असा संच बसतो, तेथे काही दिवसांतच एक तक्रार ऐकू येते. भर दुपारी महावितरणची वीज जाते, डोक्यावर ऊन तळपत असते आणि तरीही छपरावरचा संच बंद पडतो. इतका पैसा खर्चून मग साधले काय, असा प्रश्न भाविक विचारतात आणि तो रास्तच आहे. त्याचे उत्तर पॅनेलमध्ये सापडत नाही. ते भिंतीवर टांगलेल्या एका पेटीत आणि त्या पेटीमागे उभ्या असलेल्या 'पॉवर इलेक्ट्रॉनिक्स' नावाच्या विज्ञानशाखेत दडलेले आहे. त्या शाखेची थोडी ओळख आपण प्रस्तुत लेखात करून घेणार आहोत.

दोन तऱ्हेच्या विजा

सौर पॅनेलमधील सिलिकॉनच्या एका घटावर प्रकाश पडला की सुमारे अर्ध्या व्होल्टचा विद्युतदाब निर्माण होतो. असे साठ-सत्तर घट एकापुढे एक जोडून एक पॅनेल बनते आणि अनेक पॅनेलांची माळ जोडली की काहीशे व्होल्टचा दाब मिळतो. ही वीज एकाच दिशेने वाहते. टॉर्चच्या सेलमधून मिळते तशीच ती असते. तिला आपण डीसी म्हणतो.

आपल्या घरातील पंखे, पाण्याचे पंप व शीतकपाटे मात्र एसी विजेवर चालतात. ह्या विजेची दिशा सतत पालटत असते. भारतात ती सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करते, म्हणजेच तिची दिशा सेकंदाला १०० वेळा बदलते. तिचा दाब आपण २३० व्होल्ट असे म्हणतो, परंतु प्रत्येक लाटेच्या माथ्यावर तो सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढतो आणि तेवढाच उलट दिशेने उतरतो. एका दिशेने संथ वाहणाऱ्या विजेपासून ही नियमित लाट घडवणे, हे त्या पेटीचे पहिले काम होय. तिला सौर इन्व्हर्टर असे म्हणतात.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. आपल्याकडे इन्व्हर्टर म्हटले की वीज गेल्यावर बॅटरीवर दिवे-पंखे चालवणारे यंत्र डोळ्यांपुढे येते. सौर इन्व्हर्टरचे मूळ तत्त्व तेच असले, तरी साध्या सौरसंचात बॅटरी नसते. त्यातील वीज थेट घरात व उरलेली महावितरणच्या जाळ्यात जाते. नावातील ह्या साम्यामुळेच पुष्कळांचा अपेक्षाभंग होतो.

रहाटगाडग्याचा दाखला

इन्व्हर्टरच्या पोटात फिरणारे चाक नसते. असतात ते अर्धवाहक पदार्थांपासून बनवलेले स्विच. हे स्विच दिव्याच्या बटणासारखेच असतात. ते एक तर पूर्ण उघडे असतात किंवा पूर्ण बंद. फरक इतकाच की ते सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात. चार स्विचांची चौकट करून त्यांतील समोरासमोरच्या जोड्या आलटूनपालटून चालू केल्या की वीज कधी एका दिशेने, तर कधी उलट दिशेने धावते.

परंतु त्यामुळे मिळतात ते केवळ विजेचे झटके. त्यांची लाट कशी होते? आपल्या वाडीतील जुना रहाट आठवावा. त्याची गाडगी एकामागून एक पाणी ओततात. ओतणे तुटक तुटक असते. पण ते पाणी डोणीत पडून पाटाला लागले की प्रवाह अखंड वाहतो. इन्व्हर्टरमध्येही तसेच घडते. लाटेचा माथा हवा असतो तेव्हा स्विच अधिक काळ चालू राहतात. लाट शून्याकडे उतरते तेव्हा ते क्षणमात्र चालू होतात. ह्या लहानमोठ्या झटक्यांना तारेची वेटोळी व धारित्र ह्यांच्या डोणीतून नेले की बाहेर पडते ती गुळगुळीत लाट. चांगल्या इन्व्हर्टरमध्ये ह्या सर्व खटाटोपात जेमतेम दोन-तीन टक्के वीज वाया जाते.

स्विच पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंदच का ठेवायचा, असेही कोणी विचारील. स्विच उघडा असताना त्यातून प्रवाह जात नाही आणि बंद असताना त्यावर दाब राहत नाही. दोन्ही वेळा उष्णता फारशी निर्माण होत नाही. अर्धवट अवस्थेत मात्र तो तापतो. म्हणूनच एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाण्यास लागणारा क्षण अधिकाधिक लहान करणे, हे ह्या शाखेतील संशोधकांचे जुने ध्येय आहे.

मद्रासच्या विद्यार्थ्याचे देणे

ह्या वाटचालीत एका भारतीयाचे स्थान फार मोठे आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला. १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीत थायरिस्टर हा मोठ्या शक्तीचा स्विच तयार झाला. मात्र तो चालू करणे सोपे असले, तरी मनात येईल तेव्हा बंद करणे अवघड होते. पुढे आलेल्या एका जातीच्या ट्रान्झिस्टरांचा वेग चांगला होता, पण मोठा दाब आला की त्यांत वीज फार वाया जाई. दुसरी जात मोठा भार पेले, पण तिला चालवायलाच बराच प्रवाह खर्ची पडे.

मद्रासच्या आय. आय. टी.मधून १९६९ साली पदवी घेतलेले बी. जयंत बालिगा हे पुढे जनरल इलेक्ट्रिकमध्ये संशोधन करीत होते. त्यांनी १९८०च्या सुमारास ह्या दोन्ही जातींचे गुण एकाच स्विचमध्ये आणले. 'आयजीबीटी' ह्या नावाने तो ओळखला जातो. आज सौर व पवन ऊर्जेची केंद्रे, विजेवर चालणाऱ्या मोटारी आणि आधुनिक रेल्वे इंजिने ह्यांत तो सर्वत्र वापरला जातो. ह्या कार्यासाठी २०२४ साली फिनलंडमधील 'मिलेनियम टेक्नॉलॉजी' पारितोषिक देऊन बालिगा ह्यांचा गौरव करण्यात आला.

आता संशोधनाचा रोख सिलिकॉन कार्बाइड ह्या पदार्थाकडे वळला आहे. साध्या सिलिकॉनच्या तुलनेत तो सुमारे दहापट तीव्र विद्युतक्षेत्र सहन करतो. त्यामुळे स्विच पातळ करता येतो, तो जलद चालतो आणि कमी तापतो. परिणामी इन्व्हर्टरचा आकार व वजनही घटते.

मनोऱ्याची सावली

इन्व्हर्टरचे दुसरे काम म्हणजे पॅनेलकडून जास्तीत जास्त वीज काढून घेणे. पॅनेलवर भार नसला तर दाब असतो, पण प्रवाह नसतो. उलट त्याची दोन टोके थेट जोडली तर प्रवाह असतो, पण दाब नाहीसा होतो. ह्या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी असा एक बिंदू असतो, जेथे दाब व प्रवाह ह्यांचा गुणाकार, म्हणजेच मिळणारी शक्ती, सर्वाधिक असते. ऊन वाढले, ढग आले, पॅनेल तापले की हा बिंदू सरकतो.

इन्व्हर्टर त्याचा शोध कसा घेतो? तो दाब किंचित बदलून पाहतो. वीज वाढली तर त्याच दिशेने पुढे जातो, घटली तर मागे फिरतो. धुक्यात टेकडी चढणारा माणूस पावलाने चढ चाचपीत माथा गाठतो, तसाच हा प्रकार आहे. परंतु टेकडीला दोन माथे असतील, तर तो धाकट्या माथ्यावरच थांबण्याचा धोका असतो. माळेतील एखाद्या पॅनेलवर माडाची, पाण्याच्या टाकीची किंवा चर्चच्या मनोऱ्याची सावली पडली की नेमके असेच घडते. एका पॅनेलवरील सावली संपूर्ण माळेचे उत्पन्न घटवू शकते. अशा अवस्थेत खरा माथा कसा ओळखावा, हा संशोधनाचा मोठा विषय आहे. प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र छोटा इन्व्हर्टर जोडणे हा त्यावरील एक उपाय आहे. त्याला खर्च मात्र अधिक येतो.

वीज गेली की संच का थांबतो?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यालगत सरकले, तेव्हा वसईच्या पट्ट्यात झाडे व विजेचे खांब कोसळले. अशा वेळी वायरमन भर पावसात खांबावर चढतो. चढण्यापूर्वी तो पुढील उपकेंद्रातून वाहिनी बंद करवून घेतो.

परंतु त्याच वाहिनीवरील एखाद्या छपरावरचा सौरसंच वीज ढकलीतच राहिला तर? रस्त्यालगतचे रोहित्र ११ हजार व्होल्टचा दाब उतरवून आपल्या घरी पाठवते. हेच रोहित्र उलट दिशेनेही काम करते. घरातून २३० व्होल्टची वीज त्यात शिरली, तर पलीकडच्या तारेत हजारो व्होल्ट उभे राहू शकतात. ज्या तारेला वायरमन निर्जीव समजून हात घालतो, ती तार त्याचा जीव घेऊ शकते.

म्हणूनच जाळ्याला जोडलेल्या प्रत्येक सौर इन्व्हर्टरने जाळ्यातील वीज जाताच स्वतःला तोडून घेतले पाहिजे, असा नियम आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१३ साली केलेल्या मानकांत त्यासाठी दोन सेकंदांची मुदत घालून दिली आहे. जाळे जिवंत आहे की नाही हे ओळखण्याची इन्व्हर्टरची रीतही लक्षात घेण्याजोगी आहे. तो आपल्या लाटेला मधूनमधून अगदी हलकासा धक्का देतो. जाळे चालू असेल तर त्याच्या प्रचंड शक्तीपुढे ह्या धक्क्याचा काहीच परिणाम होत नाही. जाळे नाहीसे झाले असेल तर लाटेची आवर्तने लगेच ढळतात आणि आपण एकटे पडलो आहोत, हे इन्व्हर्टरला कळते. तत्क्षणी तो थांबतो.

म्हणजे आपल्या छपरावरचा संच ज्याला आपण दोष समजतो त्याच कारणासाठी थांबतो आणि ते कारण म्हणजे खांबावरचा माणूस. आपल्याला दोन तास पंखा मिळत नाही, पण त्या बदल्यात एका घरचा कर्ता माणूस संध्याकाळी सुखरूप घरी परततो. शेजाऱ्यावरील प्रीतीची आज्ञा आपण चर्चमध्ये ऐकतो. ती यंत्राच्या नियमांतही अशी उतरू शकते.

ह्याच कारणास्तव एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. वीज गेल्यावर डिझेल जनरेटरची किंवा घरगुती इन्व्हर्टरची वायर भिंतीवरील सॉकेटमध्ये खोचून सगळे घर उजळण्याचा प्रकार काही जण करतात. तो अत्यंत घातक आहे. मुख्य जोडणीपासून घर पूर्णपणे वेगळे करणारा बदल-स्विच बसवल्याशिवाय असे कधीही करू नये.

सूर कोण देणार?

जाळ्यावर विसंबून चालणाऱ्या इन्व्हर्टरची तुलना गायनमंडळातील गायकाशी करता येईल. ऑर्गनचा सूर ऐकून तो आपला सूर लावतो. ऑर्गन थांबला की तोही थांबतो. आजवर विजेच्या जाळ्यात ऑर्गनचे काम औष्णिक व जलविद्युत केंद्रांतील अवजड जनित्रांनी केले. कित्येक टन वजनाची त्यांची चक्रे एका लयीत फिरतात. एखादे केंद्र अचानक बंद पडले, तरी ह्या चक्रांच्या गतीमुळे आवर्तने एकदम कोसळत नाहीत आणि सावरण्यास काही सेकंद मिळतात. सौर पॅनेलला असे चक्र नसते. जाळ्यात इन्व्हर्टर वाढले आणि जनित्रे घटली, तर सूर द्यायचा कोणी?

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. २८ सप्टेंबर २०१६ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियात वादळाने उच्चदाब वाहिन्या पाडल्या. त्यामुळे जाळ्याच्या दाबात लागोपाठ खळगे पडले. असे ठरावीक संख्येचे खळगे सोसल्यावर माघार घ्यावी, अशी एक नियंत्रण-मर्यादा तेथील अनेक पवनचक्क्यांत आधीच घालून ठेवलेली होती. ती ओलांडली जाताच सात सेकंदांच्या आत ४५६ मेगावॉट वीज कमी झाली आणि संपूर्ण राज्य अंधारात गेले. पवनचक्क्या मोडल्या नव्हत्या. परिवर्तकांतील एक आकडा चुकीचा ठरला होता आणि पुढे तो बदलण्यात आला.

पोप फ्रान्सिस ह्यांच्या अंत्यविधीनंतर दोनच दिवसांनी, २८ एप्रिल २०२५ रोजी, स्पेन व पोर्तुगाल ह्या देशांत भर दुपारी वीज गेली. तेथे जाळ्यातील दाब आवाक्याबाहेर चढत गेला आणि एकामागून एक केंद्रे सुटत गेली. दाब आवरण्याचे काम ज्या पारंपरिक केंद्रांकडे होते, त्यांच्याकडून ते पुरेसे झाले नाही, असे स्पेन सरकारच्या अहवालात म्हटले आहे. सौर व पवन केंद्रांच्या परिवर्तकांना हे काम तांत्रिकदृष्ट्या करता येण्याजोगे होते, परंतु तेथील नियमांनी ते त्यांच्यावर सोपवलेले नव्हते. तसा बदल जून २०२५ मध्ये मंजूर झाला.

ह्यावर उत्तर म्हणून संशोधक आता सूर ऐकणारे नव्हे, तर स्वतः सूर देणारे इन्व्हर्टर घडवीत आहेत. त्यांच्या नियंत्रणप्रणालीत अवजड चक्राची हालचाल गणिताने बसवलेली असते. बॅटरीच्या बळावर ते स्वतःची लाट उभी करतात आणि इतरांना आधार देतात. दक्षिण ऑस्ट्रेलियातीलच हॉर्न्सडेल येथील मोठी बॅटरी २०१७ साली सुरू झाली व २०२२ पासून ती जाळ्याला अशा प्रकारचा आधार देत आहे. असे असंख्य इन्व्हर्टर एकमेकांशी न झगडता एका लयीत कसे नांदतील आणि जाळ्यात बिघाड होऊन अचानक प्रचंड प्रवाह मागितला गेला, तर त्यांचे नाजूक स्विच कसे तगतील, ह्यावर आज जगभर काम चालू आहे. भारताची सौरऊर्जेची क्षमता जानेवारी २०२५ मध्ये १०० गिगावॉटच्या पुढे गेली. तेव्हा हे प्रश्न आपल्याही दाराशी आलेले आहेत.

व्हॅटिकनचे पाऊल

ख्रिस्तसभेने ह्या विषयात केवळ उपदेश केलेला नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांच्या कारकिर्दीत, नोव्हेंबर २००८ मध्ये, व्हॅटिकनमधील पोप पॉल सहावे सभागृहाच्या छपरावर सुमारे २४०० सौर पॅनेल कार्यान्वित झाली. जून २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस ह्यांनी 'फ्रातेल्लो सोले' म्हणजे 'बंधू सूर्य' ह्या शीर्षकाचे पत्र प्रसृत केले. रोमजवळील सांता मारिया दि गलेरिया येथे शेती व सौरऊर्जा एकत्र नांदतील असा प्रकल्प उभारावा आणि त्यातून व्हॅटिकन रेडिओचे तेथील केंद्रच नव्हे, तर संपूर्ण व्हॅटिकन राज्याची विजेची गरज भागवावी, असा त्यामागील हेतू आहे. पोप लिओ चौदावे ह्यांनी जून २०२५ मध्ये त्या जागेला भेट दिली आणि ३१ जुलै २०२५ रोजी ह्या प्रकल्पासंबंधी परमधर्मपीठ व इटली ह्यांच्यात करार झाला.

धर्मग्रामांनी काय पाहावे?

सौरसंचाचा विचार करणाऱ्या धर्मग्राम परिषदांनी व कुटुंबांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात असे आम्हांला वाटते.

पहिली गोष्ट, आपली गरज नेमकी कोणती आहे ते ठरवावे. केवळ वीजबिल कमी करायचे असेल, तर जाळ्याला जोडलेला साधा संच पुरेसा आहे. रविवारी व संध्याकाळी लागणारी वीज आणि आठवडाभर दुपारी तयार होणारी वीज ह्यांचा मेळ नेट मीटरमुळे बसतो. वीज गेल्यावरही दवाखान्याचे शीतकपाट, पाण्याचा पंप किंवा ध्वनिक्षेपक चालू राहायला हवा असेल, तर बॅटरीसह हायब्रिड संच घ्यावा लागतो. वीज जाताच असा संच आधी स्वतःला जाळ्यापासून तोडतो आणि मगच निवडक दिवे-पंख्यांना वीज पुरवतो. त्यामुळे खांबावरील माणसाला धोका राहत नाही.

दुसरी गोष्ट, पॅनेल साधारणतः पंचवीस वर्षे टिकते, पण इन्व्हर्टर बहुधा त्याआधीच बदलावा लागतो. उष्णता हा त्याचा मोठा शत्रू. त्यातील काही धारित्रांचे आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढले की जवळजवळ निम्म्यावर येते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. म्हणून तो पत्र्याखाली किंवा उन्हात न लावता सावलीत व हवेशीर जागी लावावा. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यापासूनही त्याला जपावे. इन्व्हर्टर बदलण्याचा खर्च सुरुवातीच्याच हिशेबात धरून ठेवावा.

तिसरी गोष्ट, वर्षभरात सावली कोठून कोठवर फिरते हे पाहूनच पॅनेलची जागा ठरवावी. डिसेंबरातील सूर्य खाली कललेला असतो. त्यामुळे मे महिन्यात निर्धोक वाटणारी जागा नाताळात मनोऱ्याच्या सावलीत जाऊ शकते.

घरगुती ग्राहकांसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने पीएम सूर्यघर योजना सुरू केली. तीत ३ किलोवॉट व त्यावरील संचासाठी कमाल ७८ हजार रुपयांचे अनुदान ठेवण्यात आले. ही सवलत निवासी जोडणीसाठी आहे. चर्च व शाळा ह्यांनी आपला हिशेब अनुदान न धरताच मांडावा.

सूर्यप्रकाश ही निर्मात्याची सर्वांना सारखी लाभलेली देणगी आहे. ती घरापर्यंत आणण्यासाठी मात्र माणसाची बुद्धी व परिश्रम लागतात आणि ही बुद्धीदेखील त्याचीच देणगी होय. पुढच्या वेळी वीज जाईल आणि छपरावरचा संच मुकाट होईल, तेव्हा आपण तक्रार करण्यापूर्वी त्या क्षणी खांबावर चढलेल्या आपल्या बांधवासाठी एक छोटीशी प्रार्थना करू या.